जुई फक्त वरच फुलते, खाली एक कळी नाही: वेल काढून टाकण्याआधी काय करावे

आपण विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर आपल्या लक्षात येईल. पुण्यातील आपल्या बंगल्याच्या पूर्वेकडील भिंतीलगत सासूबाईंनी सात वर्षांपूर्वी जमिनीत जुई लावली. पहिली तीन वर्षे ती दाराशीच फुलत असे. आता ती दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत पोहोचली आहे आणि फुले येतात ती सगळी तिथे, हाताला न लागणाऱ्या ठिकाणी. खाली मनगटाएवढा बुंधा आणि त्यातून निघालेली पाच उघडी, लाकडासारखी खोडे तेवढी उरली आहेत. पाने पिवळी पडू लागल्याने आपण दर महिन्याला मूठभर युरिया आणि रोज बोअरचे पाणी देत आहात. माळ्याचे म्हणणे आहे की वेल म्हातारी झाली, मुळासकट काढून नवी लावावी. आणि आपल्याला हवे आहे ते फुलांसाठी एखाद्या चांगल्या खताचे नाव.

वेल काढू नका, हे मी आधीच सांगून टाकतो. सात वर्षांची जुई म्हातारी नसते. तमिळनाडूत जुईची शेती होते, तिथे तिला मुल्लै म्हणतात. एकदा लावलेली झाडे दरवर्षी छाटून बारा ते पंधरा वर्षे त्यांच्यापासून विक्रीजोगे उत्पन्न घेतले जाते. घरच्या अंगणातली, एकटी वाढणारी वेल त्याहूनही अधिक काळ टिकते. आपल्या वेलीची अडचण वयाची नाही आणि मुख्यतः खताचीही नाही. सात वर्षांत तिला एकदाही कात्री लागलेली नाही, ही खरी अडचण आहे, आणि युरियाने ती वाढवली आहे.

पुढे जाण्यापूर्वी ती जुईच आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण जाई आणि जुई या दोन्ही नावांनी रोपवाटिकांमध्ये एकमेकींची रोपे सर्रास दिली जातात. एक पान तोडून हातात घ्या. जुईच्या पानात मधले एक मोठे पर्ण (पानाचा सुटा भाग) असते आणि देठाजवळ त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी इवलीशी, कानाच्या पाळीसारखी दोन पर्णे असतात. कधी कधी ती गळून गेलेली असतात. तिच्या शास्त्रीय नावातले ‘ऑरिक्युलेटम’ हे विशेषण या छोट्या कानांवरूनच आले आहे. जाईचे पान मात्र पिसासारखे, साधारणपणे सात ते अकरा पर्णांचे असते, फूल मोठे असते आणि कळीला बाहेरून गुलाबी छटा असते. संस्कृतातली यूथिका ती आपली जुई आणि जाती ती जाई. पुढे लिहिलेले बहुतेक सगळे दोघींना लागू पडते. फरक एवढाच की जाईची छाटणी डिसेंबरच्या मध्यापासूनही सुरू करता येते, जुईसाठी मात्र मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरतो.

आता फुले वरच का, याचे कारण पाहू. जुईच्या कळ्या त्या वर्षी आलेल्या कोवळ्या फुटीवर, तिच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बगलेत येतात. जुन्या, लाकूड झालेल्या खोडावर त्या येत नाहीत. म्हणजे जिथे नवी फूट तिथेच फूल. वेलीचा स्वभाव असा की सर्वांत उंच शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या जागांना, फुटू देत नाही. सरळ उभ्या वाढलेल्या फांदीवर खाली प्रत्येक पेऱ्यावर डोळे असतात, पण वरचा शेंडा जिवंत आणि जोमदार असेपर्यंत ते झोपलेलेच राहतात. दरवर्षी शेंडा आणखी वर जातो, नवी फूट वर जाते आणि फुलेही वर जातात. त्यात वरचा पालाच खालच्या भागावर सावली धरतो, त्यामुळे खाली चुकून एखादी फूट आली तरी ती दुबळी राहते आणि वाळून जाते. आपण युरिया दिला तेव्हा त्यातले नत्र (नायट्रोजन) त्याच जोमदार शेंड्यांनी ओढून घेतले, वेल आणखी उंच गेली आणि पाला वाढला.

एक गोष्ट मात्र मी इथून ठरवू शकत नाही, ती आपल्यालाच पाहावी लागेल. पूर्वेच्या भिंतीला सकाळचे ऊन मिळते, पण समोर शेजारची इमारत किंवा मोठे झाड असेल तर जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत ऊन पोहोचतच नसेल. एखाद्या रविवारी सकाळी सातपासून दर तासाला जाऊन पाहा आणि खोडाच्या खालच्या भागावर ऊन किती वेळ राहते ते टिपून ठेवा. पाच-सहा तास मिळत असतील तर पुढच्या पावसाळ्यात दाराशी फुले पाहायला मिळतील, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन. तीन तासांहून कमी मिळत असेल तर कितीही उत्तम छाटणी केली तरी अगदी खाली फुले येणार नाहीत. अशा वेळी वेल पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी, जिथे ऊन आहे त्या उंचीवर फुलवण्याचा बेत करावा. पहिली तीन वर्षे ती दाराशी फुलत होती, त्या अर्थी तेव्हा ऊन पुरेसे होते. मधल्या चार वर्षांत समोर काही उभे राहिले का, हे आठवून पाहावे.

छाटणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच घाबरतात. सध्या नोव्हेंबर संपत आला आहे आणि बहरही संपला आहे. डिसेंबर अखेरपासून पाणी हळूहळू कमी करा आणि छाटणीपूर्वीचे दोन-अडीच आठवडे ते जवळजवळ बंद ठेवा. काही पाने गळतील, त्याची काळजी करू नका. या ताणाने वेल विश्रांती घेते आणि नंतरची फूट एकदम व जोमाने येते. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कात्री हातात घ्यावी. नागपूरसारख्या कडक थंडीच्या ठिकाणी मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबतो. कोकणात आणि गोव्यात थंडी सौम्य असल्याने जानेवारीच्या सुरुवातीलाही छाटायला हरकत नसते.

शेतात जुई जमिनीपासून सुमारे दीड फुटावर सरसकट छाटतात. ती झाडे दरवर्षी छाटलेली असल्याने त्यांना ते मानवते. आपली वेल सात वर्षे न छाटलेली आहे, म्हणून तिच्यावर एकाच वर्षी एवढा घाव घालू नये, असे माझे मत आहे. हे मत मी एका नुकसानीतून शिकलो. बागकामाच्या सुरुवातीच्या काळात सोलापुरातल्या एका घरी मालकांच्या घाईमुळे मी आठ वर्षांची जुई एप्रिलच्या मध्यात गुडघ्याएवढी छाटली होती. भिंत पश्चिमेची होती. इतकी वर्षे पाल्याच्या सावलीत राहिलेली खोडे अचानक उन्हात उघडी पडली, त्यांची साल भाजून तडकली आणि पाचपैकी तीन खोडे वाळली. वेल त्या घरातल्या आजींची होती आणि त्या रोज सकाळी येऊन खोडाला हात लावून पाहत असत. ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून फेब्रुवारी संपल्यावर मी मोठी छाटणी करत नाही आणि जुनी वेल एका वर्षात पूर्ण छाटत नाही.

आपल्या पाच खोडांपैकी तीन या जानेवारीत छाटावीत आणि दोन पुढच्या जानेवारीत. तिन्ही एकाच उंचीवर छाटू नका. पहिले दीड फुटावर, दुसरे तीन फुटांवर आणि तिसरे साडेचार फुटांवर घ्या, म्हणजे नवी फूट वेगवेगळ्या उंचीवर येईल आणि भिंत खालपासून भरत जाईल. छाटण्यापूर्वी प्रत्येक खोडाची साल नखाने हलकेच खरवडून पाहा. आत ओलसर हिरवे दिसले तर खोड जिवंत आहे. करडे आणि कोरडे दिसले तर हिरवे लागेपर्यंत खाली या. जुईची पाने समोरासमोर येतात, त्यामुळे एका पेऱ्यावर दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो; गुलाबाला देतात तसा तिरका छेद इथे देऊ नये, त्यात एक डोळा दुखावतो. पेऱ्याच्या वर पाव इंच जागा सोडून सरळ आडवा छेद द्यावा. अंगठ्याहून जाड खोडाला कात्रीने दाबू नका, बारीक दातांची करवत वापरा, नाहीतर साल चिरते. जाड छेदांवर बोर्डो पेस्ट लावावी: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि शंभर ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून, सगळे मिळून एक लिटर पाण्यात. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नका, प्लास्टिकच्या बादलीत करा.

बुंध्याशी जमिनीलगत नवे धुमारे आले असतील तर ते जपा. कलमी गुलाबाच्या खालून येणारी फूट रानटी म्हणून काढून टाकावी लागते, त्या सवयीने अनेक जण जुईचेही धुमारे छाटतात. जुई बहुधा दाबकलमाने किंवा छाट कलमाने केलेली, स्वतःच्याच मुळांवर वाढणारी असते, त्यामुळे तिच्या बुंध्यातून आलेला धुमारा खरी जुईच असतो आणि वेल खालून पुन्हा भरायची असेल तर त्याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

छाटणीनंतर वेलीची बांधणी हे निम्मे काम आहे, आणि ते बहुतेक घरांत राहून जाते. जुईला काकडीच्या वेलीसारखे तणावे नसतात. ती आधाराला थोडीफार गुंडाळते आणि बाकी रेलून वाढते. भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, जमिनीपासून दीड फुटावर पहिली आणि मग प्रत्येकी फुटाच्या अंतराने अशा पाच-सहा आडव्या तारा ओढून घ्या. नवी फूट दीड-दोन फूट लांब झाली, अजून लवचिक आहे, तेव्हाच ती पंख्याच्या काड्यांसारखी दोन्ही बाजूंना तिरपी वळवून तारेला काथ्याने सैल बांधा. काथ्याचा फास आठच्या आकड्यासारखा असावा, म्हणजे फांदी तारेवर घासत नाही. फांदी आडवी झाली की शेंड्याचा धाक कमी होतो आणि तिच्या प्रत्येक पेऱ्यातून उभे फुटवे निघतात. त्या प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्यांचा घोस येतो. उभ्या फांदीला एक शेंडा, तर आडव्या फांदीला दहा. फुटवे वीतभर झाल्यावर त्यांचे शेंडे एकदा खुडावेत, पण एप्रिलनंतर खुडू नयेत, कारण तेव्हा आपण कळ्याच खुडत असतो.

आता पिवळ्या पानांकडे येतो. इथे एक पान पाहिल्याशिवाय खत देऊ नये. खालची, जुनी पाने सगळीकडून सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. पण शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या स्पष्ट दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. आपण दरमहा युरिया देऊनही पिवळेपणा हटत नाही, त्यावरून माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. पुण्याच्या काळ्या मातीत बरेचदा चुनखडी असते. बंगल्याच्या भिंतीलगत तर बांधकामाच्या वेळचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा पुरलेला असतो, आणि वरून बोअरचे जड पाणी. अशा विम्लधर्मी (अल्कलाइन) मातीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. रोजच्या पाण्याने माती सतत ओली राहिली की हा त्रास आणखी वाढतो.

यावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम आणि त्यात अर्धे लिंबू पिळून, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. पंधरा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्यांत नवी पाने हिरवी येऊ लागतात. जुनी पिवळी पाने पूर्ववत होतीलच असे नाही. फवारताना खालच्या फरशीवर गोणपाट किंवा जुनी चादर अंथरा, कारण हिराकशीचे तांबूस डाग फरशीवरून निघत नाहीत. कायमचा उपाय मात्र मातीचाच आहे: छाटणीच्या वेळी बुंध्यापासून फूटभर दूर गोल आळे खणा, हाताला लागेल तो राडारोडा काढून टाका आणि त्या जागी चांगले कुजलेले शेणखत व पोयटा माती भरा. पावसाळ्यात गच्चीचे पाणी वेलीच्या आळ्यात सोडता आले तर फारच उत्तम.

खताविषयी आपण विचारलेच आहे, म्हणून आकडे देतो. तमिळनाडूत जुईच्या शेतीसाठी दर झाडाला वर्षाला सुमारे ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि १२० ग्रॅम पालाश (पोटॅश) अशी मात्रा दोन हप्त्यांत देतात. यात नत्रापेक्षा स्फुरद आणि पालाश दुप्पट आहेत, हे लक्षात घ्या; आपण नेमके उलट, निव्वळ नत्र देत आलात. वस्तूंच्या भाषेत सांगायचे तर ही मात्रा म्हणजे १३० ग्रॅम युरिया, ७५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. घरच्या वेलीला मी याच्या निम्मेच देतो: अर्धा हप्ता जानेवारीत छाटणीनंतर, दहा किलो शेणखताबरोबर आळ्यात मिसळून, आणि अर्धा जूनच्या शेवटी, पाऊस स्थिरावल्यावर. आपल्या वेलीला मात्र पहिल्या हप्त्यात युरिया अजिबात देऊ नये. मातीत तो आधीच पुरेसा गेला आहे. रासायनिक खत नको असेल तर शेणखताबरोबर अर्धा किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो हाडांचा चुरा द्यावा, पण चुनखडीच्या मातीत हाडांच्या चुऱ्याचा उपयोग फार सावकाश होतो.

पाणी रोज देऊ नका. जमिनीतल्या सात वर्षांच्या वेलीला फूट येताना चार-पाच दिवसांनी आणि एप्रिल-मे महिन्यांत तीन दिवसांनी भरपूर पाणी पुरते. बोटभर खाली माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी टाळावे. पावसाळ्यात आळे मोडून टाका, म्हणजे बुंध्याशी पाणी साचणार नाही.

आपण पाठवलेल्या वर्णनात एक वाक्य आहे की काही कोवळ्या पानांवर ‘पांढरी बुरशी’ दिसते. ती बुरशी नसावी, असे मला वाटते. असे एक पान उजेडात धरून बोट फिरवा. पीठ बोटाला लागले तर ती भुरी, म्हणजे बुरशीच आहे. पण पांढरे आवरण लोकरीच्या नमद्यासारखे पानालाच चिकटलेले असेल, पुसून निघत नसेल आणि पान आखडलेले असेल, तर ते एका अतिसूक्ष्म कोळ्याचे काम आहे. जुईवर हा कोळी विशेष येतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; त्याच्या रसशोषणाने पानच त्या जागी दाट लव उगवते. त्यावर बुरशीनाशके मारून लोक वर्ष वर्ष वाया घालवतात, आणि अशा फुटीवरच्या कळ्याही खुरटतात. लव आलेले शेंडे तोडून जाळावेत किंवा पिशवीत बांधून टाकावेत, कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत. मग पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे. गंधक भर उन्हाळ्यात फवारू नये, पाने भाजतात. आणि निंबोळी तेल फवारले असेल तर मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत. जानेवारीच्या छाटणीतच यातला बराचसा भाग निघून जातो.

वेळापत्रक म्हणाल तर छाटणीनंतर तीन-चार आठवड्यांत, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून, डोळे फुगलेले दिसतील. जुन्या जाड खोडाला यापेक्षा उशीर लागू शकतो, म्हणून मार्चच्या अखेरीपर्यंत साल हिरवी आहे तोवर धीर धरावा. थोडी फुले उन्हाळ्याच्या शेवटी आणि खरा बहर पावसाळ्यात. प्रत्येक लाट ओसरली की फुलून गेलेल्या टोकांची दोन-दोन पेरी छाटत जा. पुढची फूट आणि पुढच्या कळ्या त्यातूनच येतात. कळ्या तोडल्याने वेल कमी फुलेल, ही आपल्या घरातली समजूत खरी नाही. गजऱ्यासाठी पूर्ण वाढलेल्या, पांढऱ्या पण मिटलेल्या कळ्या पहाटे किंवा सकाळी तोडाव्यात, त्या संध्याकाळी उमलतात.

शेवटी सासूबाईंच्या वेलीला काही झाले तर काय, ही आपली भीती मला समजते, आणि या जानेवारीत दोन खोडे राखून ठेवण्यामागे तेही एक कारण आहे. जुलैमध्ये त्यांपैकी एकाची वर्षभराची, पेन्सिलीएवढी फांदी खाली वाकवा, एका पेऱ्याखाली बोटभर लांबीचा हलका काप द्या, त्या कापात काडीचा तुकडा बसवा आणि तेवढा भाग माती व शेणखताने भरलेल्या कुंडीत दोन इंच खोल पुरून वर दगड ठेवा. फांदीचा शेंडा बाहेर राहू द्या आणि कुंडी कधी कोरडी पडू देऊ नका. साडेतीन-चार महिन्यांत मुळ्या धरतात. दिवाळीनंतर मुख्य वेलीकडची बाजू कापली की तीच जुई दुसऱ्या कुंडीत तयार असते. ठाण्याला राहणाऱ्या मुलीसाठी रोप हवे आहे असे आपण लिहिले आहे. तिला रोपवाटिकेतून नवे आणण्याऐवजी हेच द्या. सोळा इंचांची कुंडी, तळाला विटांचे तुकडे आणि गॅलरीत पाच तास ऊन असेल तर ते तिथेही फुलेल, फक्त जानेवारीत तिने त्याला कात्री लावायला हवी.